आधी कोणाचं ते सांग

४ मार्च
वही आणून महिना झाला, एक ओळ नाही. आज लिहू, उद्या लिहू – मध्येच कुठे एखादा पूल दिसतो, एखादं मांजर दिसतं, राहून जातं! कॉलेज असंच सुटलं, दोन नोकऱ्याही. सध्या मुक्काम आत्याकडे. ती मला भटकभवानी म्हणते, पण चहासोबत बिस्किटं जरा जास्तच ठेवते.

आत्या मोठी डॉक्टर, आणि पेशंट एकही जिवंत नाही! माणूस अचानक का गेला, ते ती त्याचं हृदय उघडून सांगते. शिकवतेही. गावातले नावाजलेले हार्टवाले सगळे तिचा ओरडा खाऊन मोठे झालेत.

५ मार्च
तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. ट्रेमध्ये हृदय. एका हुशार पोरानं थेट सुरी उचलली. आत्यानं मनगट धरलं.
"आधी कोणाचं ते सांग."
तो म्हणाला, पुरुष, वय एकोणीस.
"ते वय झालं. कोण होता?"
पोरगा ट्रेवरची चिठ्ठी परत वाचू लागला.
"हा धावायचा," आत्या म्हणाली. "धावतानाच पडला."
मग रक्त ज्या वाटेनं वाहतं त्याच वाटेनं सुरी फिरवली. आतली भिंत नको तेवढी जाड! शेजारच्याला म्हटलं, माझी आत्या आहे. त्यानं विचारलं, तू कितव्या वर्षाला? म्हटलं, कुठल्याच नाही!

७ मार्च
आत्या जेवली नाही. त्या धावणाऱ्या मुलाचा आजार घराण्यात उतरतो म्हणे. त्याचा धाकटा भाऊही धावतो, रविवारी त्याची शर्यत. तिनं बापाला बोलावून सांगितलं – याला तपासा, तोवर पळू देऊ नका. तो म्हणाला, एकाला फाडलंत, दुसऱ्याला हात लावू देणार नाही. आता फोनही उचलत नाही.
"जन्मभर माणूस का गेला तेच सांगत आले," आत्या म्हणाली. "एकदा तरी आधी सांगता यावं."

८ मार्च
बाप शिंपी आहे, दुकान चौकापलीकडेच. फाटकी पँट घेऊन गेले. पटवायचं होतं, पण आजाराचं नावच आठवेना! मग जे पाहिलं तेच सांगितलं. सुरी लावण्याआधी आत्यानं सगळ्यांना सांगितलं, हा धावायचा.
मशीन थांबलं.
"असं म्हणाल्या?"
मग मशीन परत सुरू. पँट मात्र सुरेख शिवली.
आत्या भडकली. वर्गातलं बाहेर बोलतात का! चुकलंच. पण अभिमान पोटात राहत नाही, काय करू?

९ मार्च, रविवार
शर्यत सुटायची वेळ झाली. आत्या खिडकीशी, चहा तसाच. – बेल वाजली म्हणून उठले.

दारात शिंपी. मागे पोरगा, पायात धावायचे बूट, छातीवर नंबर टाचलेला.
"हा माझा धाकटा," तो आत्याला म्हणाला. "हा धावतो."