भरतीपर्यंत बसणं

चिखले, डहाणू
जानेवारी २०१७

सुषमाताईस नमस्कार,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो, आईला सांग. कॉलेज सोडल्याचं बाबा अजून बोलतात का?

इथे निलममॅडम मोठ्या माणसांना पक्षी बघायला शिकवतात. मीही जातो. काल किनाऱ्यावर हजारो तुतवार, म्हणजे चिखलात चोच खुपसणारी चिमुकली पाखरं, उतरले होते. मी धावतच सुटलो आणि सगळे उडाले. वळताना अख्खा थवा एकदम पांढरा चमकला, ताई!

मॅडम म्हणाल्या, "धावतोस काय? वरात आहे का तुझी?"

मुकाट वाळूत बसलो. भरतीचं पाणी चढलं, तशी पाखरं आपणहून आली, पार पायांजवळ.

तुझी मैत्रीण मुक्ता अजून माझा फोन उचलत नाही. तिला सांग, आता सारखा करणार नाही. बसायला शिकलोय.

तुझा,
प्रविण