इंग्रज वकिलाची कॉलर

१० एप्रिल १९६०, रविवार
एक मेला महाराष्ट्र राज्य होणार. आमच्या बीडीडी चाळीची लॉरी निघणार, वर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा देखावा. मीटिंगमध्ये चेअरमन गुणाजी म्हणाला, दरबारात आलेल्या इंग्रज वकिलाच्या गळ्यात जुना पडदा कापून लावू. माझं डोकंच फिरलं. उठून सांगितलं, कॉलर अस्सल लेसची होईल, मी स्वतः करीन, आणि लॉरीत बसून लोकांना करून दाखवीन. मागून कोणीतरी ओरडलं, बाबीनवाला लेस करणार! अठरा वर्षं मिलमध्ये बाबिनींवर सूत भरतोय, म्हणून हे नाव. एक मेनंतर कोणाची हिंमत होते बघतो.

११ एप्रिल
माझगावच्या आग्नेसबाईंकडे गेलो. त्यांना उशीवर बाबिनींनी विणायची लेस येते. बायकोला, मंजुळेला, उशी उचलायला नेलं. घट्ट उशी, टाचण्या, लहान लाकडी बाबिनी. जोडी उचलायची, अदलाबदल करायची, पीळ द्यायचा, टाचणी खोचायची. आठवड्याचं काम.

१४ एप्रिल
बाबासाहेबांची जयंती. लेसलाही सुट्टी.

१६ एप्रिल
बाईंच्या बाबिनी म्हणजे पोरखेळ. मिलच्या टाकाऊ आणल्या, दणकट. दोरा चौदा वेळा तुटला. मिलसारखा गाठ मारून सांधला. बाई म्हणाल्या, इतक्या गाठी चालत नाहीत. त्यांना मजबुती कळत नाही.

२१ एप्रिल, पहाटे साडेपाच
सलग दहा मिनिटं दोरा तुटला नाही. नुसती टकटक. फार बरं वाटलं. एवढं बरं मिलच्या खात्यात कधी वाटलेलं नाही. तेवढ्यात मंजुळेने विचारलं, तिसरी जोडी उलटी गेली का? दिवस नासवला. उशीला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली.

२६ एप्रिल
कॉलरला दीड हात लेस लागते. झाली दोन बोटं. शेजारचा रेडिओ, घामाचे हात, वर गुणाजीचं रोज 'कुठवर आलं?' एवढ्या छळात दोन बोटं खूप झाली.

३० एप्रिल
मंजुळेने ट्रंकेतून दीड हात लेस काढली! रोज दुपारी आग्नेसबाईंकडे जाऊन केली म्हणे. एकही गाठ नाही. मला विचारायची पद्धत नाही? जेवलो नाही. कॉलर तिची असू दे. करून मीच दाखवणार.

१ मे
परळ नाक्यावर लॉरी थांबली. बायका पुढे आल्या, दाखवा म्हणाल्या. दाखवलं. दोरा तुटला. गाठ मारली. परत तुटला. एका कोळणीने विचारलं, दादा, जाळं दुरुस्त करतोस काय? इंग्रज वकीलसुद्धा हसला, आमचीच कॉलर घालून! गुणाजीने गर्दीतल्या मंजुळेला हात देऊन लॉरीत वर घेतलं. तिने माझ्या गाठी कापल्या, पदरातून आग्नेसबाईंच्या बाबिनी काढल्या आणि सुरू झाली. बायका हलेनात. टाळ्या. लॉरीच्या कोपऱ्यात दोघांना जागा नव्हती, मी उतरलो. दादरपर्यंत लॉरीमागून चालत गेलो. असा संताप आयुष्यात आला नव्हता.

२ मे
चाळीतल्या नऊ बायका दर रविवारी शिकायला येणार. आमच्याच खोलीत. मास्तरीण मंजुळा. संतापून विचारलं, या घरात मला काही काम आहे की नाही? ती म्हणाली, आहे तर, प्रत्येकीला सोळा बाबिनी लागतील, त्या तुम्हीच भरा, तुमचा हात बसलाय.

मिलमधून येऊन चहा घेतला. आतापर्यंत चाळीस भरल्या.