गावानं नाव घेतलं

१९ नोव्हेंबर

नवऱ्याच्या गावाहून फोन. ग्रामसभेत एलादिओचं नाव घेतलं. जानेवारीपासून वर्षभर तोपिल. म्हणजे गावचा शिपाई – चौक झाडायचा, निरोप पोचवायचे, दंगा करणाऱ्याला कोठडीत घालायचं. बिनपगारी!

मी हसले. राजधानीत स्वतःचा दवाखाना असलेला दातांचा डॉक्टर, आणि हातात झाडू. तो हसला नाही.

२० नोव्हेंबर

भांडले. नाही म्हणून कळव, म्हटलं. सतराव्या वर्षी जे गाव सोडलंस त्याचं तू काय देणं लागतोस? आवाज न चढवता म्हणाला, "नाही कसं म्हणू? गावानं नाव घेतलंय."

जे येत नाहीत त्यांचं काय होतं, विचारलं. काही होत नाही म्हणाला. पुन्हा त्यांचं नाव कुणी घेत नाही, एवढंच.

३ जानेवारी

डोंगरावर थंडी मरणाची. सासूबाईंनी चुलीजवळची खोली दिली. मुद्रितं तपासायचं माझं काम कुठूनही होतं, पण मी महिनाभरच राहणार. सांगून ठेवलंय.

दवाखाना एलादिओनं मित्राच्या हवाली केला. जाताना मागे वळून पाहिलंन. मला ते दिसलं.

११ जानेवारी

तोपिलांचा मुकादम क्रिस्पीन म्हणजे एलादिओचा शाळेतला बाकसोबती. गवंडी आहे. आज भर चौकात म्हणाला, "डॉक्टर, कोपरे राहिले की." बाकावरची म्हातारी मंडळी खूश. मला राग आला. एलादिओ गेला आणि कोपरे झाडून आला.

घरी येऊन तक्रार केली ती फक्त पाठीची.

८ फेब्रुवारी

महिना उलटून गेला. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

२६ मार्च

पलीकडच्या डोंगरावर एकटी राहणारी एक म्हातारी वारली. रस्ता नाही. एलादिओ, क्रिस्पीन आणि आणखी दोघांनी तिला खांद्यावर आणलं. खांदा सोलून निघालाय. तेल लावताना विचारलं, तुझी कोण लागायची? "कुणी नाही. आज तिला न्यायची पाळी, उद्या आपल्याला," म्हणाला.

तिला गावात ठेवलं तिथं सगळे जमले. कुणी मका आणला, कुणी कॉफी, कुणी मेणबत्त्या. मी राजमा निवडायला बसले. शेजारी बसलेली बाई आपल्या सुनेच्या चहाड्या सांगत होती, मध्येच डोळे पुसत होती.

बाबा गेले तेव्हा आम्ही बारा मजली इमारतीत राहायचो. शव जिन्यानं उतरवावं लागलं. चौथ्या मजल्यावरच्या माणसानं अदबीनं विचारलं होतं – फार वेळ लागेल का? त्याचा दोष नव्हता. तो आम्हाला ओळखतच नव्हता.

२७ मार्च

काल लिहिलेलं वाचलं. मला एलादिओचा हेवा वाटतोय. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि हे आज कळतंय!

२९ सप्टेंबर

गावची जत्रा, आणि ती बिघडली. माकारिओमामा प्यायले आणि त्यांनी बँडवाल्याचा ढोल फोडला. हे मामा म्हणजे एलादिओचे जवळजवळ वडीलच. वडील गेल्यावर त्यांनीच याला वाढवलं.

क्रिस्पीन म्हणाला, तू राहू दे, मी नेतो. एलादिओनं नको म्हणून मान हलवली. पुढे होऊन मामांचा हात धरला. "मामा, चला."

मामा खेकसले, "मी तुला चालायला शिकवलं. आणि तू मला कोंडणार?"

"तुम्हीच शिकवलंत. तोपिलाची काठी हातात असली की नातं बघायचं नाही."

मामांनी हात सोडवून घेतला आणि ते स्वतःच कोठडीकडे चालू लागले. एलादिओ कडी लावून बाहेर पायरीवर बसला. मी भाकरी घेऊन गेले. त्यानं अर्धी गजाआड दिली, अर्धी स्वतः खाल्ली. डोळे लाल होते.

या माणसाशी मी लग्न केलं, पण हा घडला कुठे ते आज पाहिलं.

३० सप्टेंबर

मामांना शिक्षा – चौक झाडायचा. एलादिओ दुसरा झाडू घेऊन बरोबर. मामा मोठमोठ्यानं सांगत होते, भाच्याला झाडता येत नाही, बघा जरा. बाकावरची मंडळी हसत होती. मग मामा दातदुखीवर आले. एलादिओनं तिथंच त्यांना आ करायला लावलं.

४ नोव्हेंबर

एलादिओ बदललाय. रोज मित्राला फोन. खुर्ची नवी घेऊ, भिंतींना रंग देऊ. काल बॅग काढून झटकली. अजून दोन महिने आहेत की, म्हटलं.

म्हणाला, "रेनाता, मला हे आवडतं असं वाटलं तुला? रोज सकाळी नकोसं होतं. केलं, कारण माझ्याकडून न करणं होत नाही. आता सुटलो."

मला वाटलं होतं तो इथं सुखी आहे. सुखी मीच होते.

मग माझ्या नजरेत त्याचं मोठेपण आणखीच वाढलं. आवडीनं काय, कुणीही करतं.

१७ नोव्हेंबर

परतीचं ठरलं. दोन जानेवारीची बस. सासूबाई म्हणतात, जा बाई, तुझं घर तिकडं आहे. मी हो म्हटलं. मका सोलत राहिले.

२१ नोव्हेंबर

ग्रामसभा. पुढच्या वर्षीची माणसं नेमत होते. शाळेच्या स्वयंपाकघराचं वर्षभराचं काम आलं तेव्हा क्रिस्पीननं उठून एक नाव सुचवलं, आणि हात वर गेले. बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. एलादिओनं डोकं हातात धरलं.

मी उभी राहिले.