उलट्या दिशेनं निघालेलं पिंप

प्रिय ग्लोरीनताई,

इथून ब्रुकलिनपर्यंत पोचेल एवढा मोठा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील. नसले तर लसणाचं तेल चोळ, डॉक्टरला विचारत बसू नकोस. इकडे मँडेव्हिलला सगळे खुशाल, माझी एक दाढ पडली तेवढीच.

तू फोनवर म्हणालीस, तीस वर्षं मी नाताळला पिंपं भरभरून पाठवते, तिकडून साधी मिरची येत नाही, यंदापासून बंद. ते मला लागलं. त्याच संध्याकाळी रेडिओवरचा माणूसही तेच रडत होता, की जमैका बाहेरून आणते ढीगभर आणि विकते मूठभर, नि हे वर्षानुवर्षं चाललंय. म्हटलं, देशाचं देश बघेल (त्याला कुठे थोरली बहीण आहे!), आपल्या घरची तूट मी भरते. न्हाणीमागचं पाण्याचं पिंप ओतलं, पुसलं, यामचे कंद ठासून भरले आणि थेट बंदरावर नेलं. कस्टमवाला म्हणतो, "मावशी, कंदाला माती आहे." अरे, कंद जमिनीतनं निघतो, आभाळातनं पडत नाही! ऐकेचना मेला. आणलं परत.

मग नाताळचे काळे केक केले, चांगले सहा. शेजारचे पिनॉक मास्तर (पेन्शनीत आहेत, दुसऱ्याच्या चुका काढायला मोकळे) ओट्यापाशी येऊन म्हणाले, "आयोनी, ही कसली गं निर्यात? पीठ परदेशी, लोणी परदेशी, मनुका तर ग्लोरीननंच पाठवलेल्या. तिचंच तिला परत करतेस!" मी विचारलं, मग आपलं काय आहे त्यात? म्हणाले, "रम." झालं, बाटली उपडी केली. देशी माल वाढायला नको?

बंदरावर तोच कस्टमवाला. झाकण उघडलं आणि वासानंच खुर्चीत बसला. एक तुकडा तपासला. मग साहेबांना हाक मारली, तेही तपासायला लागले. माती कुणालाच सापडली नाही. शिक्का बसला, पिंप बोटीवर चढलं. तेव्हा यापुढे आयोनी नुसती घेते, असं बोलायचं नाही.

तुझी बरोबरीची बहीण,
आयोनी

ता.क. सहापैकी एक केक पोचेल. तपासणी फार कडक होती.

ता.क. दुसरा: पुढच्या वर्षी बारा करणार आहे, म्हणून पीठ, लोणी, मनुका यंदाच पाठवून ठेव. पाणी साठवायला पिंप उरलं नाही, तेही लागेल. त्यातच भर सगळं. रिकामं पाठवू नकोस, भाडं तेवढंच पडतं.