झाकणाआतले निळे फूल

देल्सबो

प्रिय मायलिस,

खापरपणजीच्या लग्नपेटीच्या झाकणाआत, १७९४ सालच्या मूळ चित्रावर, कुण्या अडाण्याने थापलेले वाकडे निळे फूल मी दोन आठवडे खपून काळजीपूर्वक खरवडून काढले. काल सिग्नेमावशी पाहून म्हणाली, "अगं शहाणे, ते तुझ्या आईनं काढलं होतं, मायलिस जन्मली तेव्हा, खास तिच्यासाठी! 'थोरलीला सांगू नकोस हं, ती चुका काढत बसेल,' म्हणाली होती."

रविवारी तू पेटी न्यायला येशील आणि झाकण उघडताच तेच फूल शोधशील. हे पत्र पाठवण्याचे धैर्य नाही, म्हणून सकाळपासून फूल पुन्हा रंगवते आहे. चाळीस वर्षे संग्रहालयात नामवंत चित्रकारांची फुले हुबेहूब जुळवणाऱ्या या हाताला आईइतके वाकडे एकदाही जमलेले नाही.

तुझी थोरली,
इंगेयेर्ड