तुम्ही जिना उतरणं सोडलंत तेव्हा

आप्पा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी मुलुंडच्या आपल्या बिल्डिंगचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मी अजून थांबते. पक्षाघाताने तुमची उजवी बाजू गेली होती आणि माजी सैनिकांच्या दवाखान्यात तुम्हाला दर महिन्याला न्यायचं होतं. लिफ्ट नव्हती. शेजारच्या चौघांनी तुम्हाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. तुम्ही डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं होतंत. दुसऱ्या मजल्यावर मात्र हात बाजूला केलात आणि म्हणालात, "खुर्ची टेका रे, दम घ्या." फौजेत हवालदार असताना आपल्या माणसांना सांगत असाल, तसंच. परत आल्यावर एवढंच बोललात, "आता मला खाली नेऊ नकोस."

मग मी एकटीच दवाखान्यात गेले. खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता. "औषधं देतो ताई, ॲडमिटही करून घेऊ. पण पेशंटला इथे आणावं लागेल." मी विचारलं, "घरी कुणी येत नाही का? पाठीला जखमा व्हायला लागल्यात." तो मान खाली घालून म्हणाला, "तशी सोय नाही." घरी येऊन सांगितलं, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "मला कुठल्यातरी आश्रमात ठेव. तुझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "आप्पा, जेवून घ्या, भात थंड होतोय." नोकरी मी सोडलीच. तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी मला तुमची कूस बदलायला, जखमा धुवायला शिकवलं. त्या पाठ पुसताना तुम्ही डोळे मिटून घ्यायचात आणि मी आत गेले असं वाटलं की हळूच म्हणायचात, "माफ करा ताई." मी ओट्यापाशी उभी राहून ते ऐकायचे. त्या जखमाच शेवटी चिघळल्या, ताप चढला, आणि तुम्ही त्याच पलंगावर गेलात.

परवा समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांकडे, तेही फौजेतलेच, एक नर्स आणि व्यायाम करून घेणारा तरुण आला. आता त्याच दवाखान्यातून असे घरी येतात म्हणे. त्यांची सून खुशीत सांगत होती, "अहो, जिना उतरायलाच नको आता." मी म्हटलं, "बरं झालं हो."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मला बरं वाटलं नाही, आप्पा. हेवा वाटला तिचा, आणि तो अजून गेलेला नाही.