तीन वाजताच्या दुरुस्त्या

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठांपैकी बरीचशी अंगं हल्ली सहकार्य करत नाहीत, म्हणून नमस्कार कागदावरच घातला आहे.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम तू करतेस, पण त्यांनी सांगितलेल्या क्रमाने करत नाहीस, कारण तो क्रम चुकला आहे, असं तुझ्या सुनेने फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. म्हणजे तब्येत चांगली आहे. इकडे आम्ही सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात गेले अडीच महिने मी एका समितीचा सदस्य-सचिव आहे आणि माझी झोप उडाली आहे. ती उडण्यात तुझा हात आहे की काय, हे विचारायलाच हे पत्र. पण एकदम विचारलं तर तुला मी खुळावलो आहे असं वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तू विद्यापीठातून निवृत्त झालीस त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा एक सिस्टिम होती, आणि तिच्याकडून एखादी यादी हवी असेल तर तू होतीस. आता तीन सिस्टिम आहेत: एक प्रवेशाची, एक परीक्षेची आणि एक आम्हा नोकरदारांची. तिघींचं एकमेकींशी बोलणं नाही. पहिल्या वर्षाला मुली किती, असं कुलसचिवांनी विचारलं की प्रवेशवाले एक आकडा देतात, परीक्षावाले दुसरा देतात, आणि तिसरा कुलसचिव घरूनच मनात धरून आलेले असतात. तेव्हा तिन्हींच्या पोटातली माहिती एकत्र काढून एकच आकडा देणारं सॉफ्टवेअर (रिपोर्टिंग टूल म्हणतात त्याला) निवडण्यासाठी समिती नेमली. सदस्य-सचिव मी, कारण मी त्या दिवशी रजेवर होतो.

तीन कंपन्यांची माणसं आली. पहिल्याला आम्ही रंगवाला म्हणायचो. काहीही विचारा, तो गोल चित्र काढून त्याच्या रंगीत फोडी दाखवायचा. नापासांचा आकडा मागितला तर इतकं देखणं चित्र निघालं की कुलसचिव म्हणाले, नापास छान दिसतायत. दुसरा फुकटवाला. त्याचं टूल जगभर कुणालाही फुकट मिळतं म्हणे; फक्त ते समजावून सांगणारा माणूस मिळत नाही. त्यात भर म्हणजे जोडाक्षर आलं की ते फुटायचं. ‘विद्यार्थी’ छापला की त्याचे अवयव शेजारी शेजारी मांडून ठेवल्यासारखे दिसायचे. तिसरा माणूस हडकुळा, हळू बोलणारा. कोणताही आकडा दाखवला की विचारायचा, “खोलात जाऊ का?” म्हणून तो खोलवाला. त्याच्या टूलमध्ये आकड्यावर बोट ठेवलं की तो आकडा ज्या नोंदींतून आला त्या नोंदी दिसतात, आणि नोंदीवर बोट ठेवलं की ती कोणी, कुठल्या मशीनवरून, किती वाजता केली तेही दिसतं. आमच्या सिस्टिमवाल्या बाई (सगळी मशीनं त्यांच्याच ताब्यात असतात, कमी हसतात, पण माणूस चोख) म्हणाल्या, घ्यायचं तर हेच. मीही तेच म्हणणार होतो.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून तिघांना एकच प्रश्न घातला. गेल्या वर्षी गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रांतल्या नावांच्या किती दुरुस्त्या झाल्या? रंगवाला म्हणाला सहाशे चाळीस. फुकटवाला म्हणाला सहाशे चाळीस. खोलवालाही सहाशे चाळीस म्हणाला, आणि आम्ही नको म्हणायच्या आत खोलात गेला. पाचशे नव्व्याण्णव दुरुस्त्या आमच्या दुरुस्ती विभागाने केलेल्या, प्रत्येकीमागे विद्यार्थ्याचा अर्ज. उरलेल्या एक्केचाळीस. अर्ज नाही. वेळ दुपारी तीन ते साडेतीन. मशीन, जुन्या अभिलेख खोलीतलं नऊ नंबरचं. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य: ‘पाहिले. बरोबर केले.’ आणि करणाऱ्याच्या रकान्यात तुझा कर्मचारी क्रमांक.

तुझं खातं तुझ्या निरोपसमारंभाच्या संध्याकाळीच बंद केलं होतं. त्या कागदावर सही माझी आहे. बाईंनी तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. खोलवाल्याला वाटलं आपलं टूल बिघडलं. बिचारा घाम पुसत एकेक वर्ष मागे गेला. त्याच्या आदल्या वर्षी अडतीस. त्याच्या आदल्या वर्षी चव्वेचाळीस. वीस वर्षांत सुट्टीच्या दिवशी एकही नाही. (हे वाचून मला आधी भीती वाटायला हवी होती. आधी अभिमान वाटला, हे तुला म्हणून सांगतो.)

मी म्हटलं, कुणीतरी तुझा क्रमांक वापरून खोडसाळपणा करतंय. एक्केचाळिसांतलं एक नाव घेतलं आणि त्या मुलाच्या घरी फोन लावला. त्याच्या आडनावात ‘ल’चा ‘ळ’ केला होता. आई फोनवर आली. दुरुस्त प्रमाणपत्र घरी पोचलं होतं, ती खूश होती, पण आम्ही अर्ज केलाच नव्हता म्हणाली. शाळेतल्या मास्तरांनी पहिल्या दिवशी चुकीचं लिहिलं, ते तसंच पुढे चालत आलं, आमच्या सगळ्या कागदांवर चुकीचंच आहे. मी विचारलं, मग बरोबर कुठे लिहिलेलं आहे? ती म्हणाली, “लिहिलेलं कुठेच नाही. आम्ही घरात म्हणतो तेवढंच.”

फोन ठेवल्यावर माझ्या हाताला पेन सापडेना. ते हातातच होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला मी अभिलेख खोलीकडे गेलो. दाराबाहेर बाकावर आपले जुने दफ्तरी बसले होते. तुझ्या हाताखाली लागले तेच. आता तेही निवृत्तीला आलेत. आत काम नाही का, विचारलं. म्हणाले, “तीनला मी बाहेर येऊन बसतो. तुमच्या आत्याबाई म्हणायच्या, मी ताडून बघताना कुणी आत थांबू नका.”

“अहो, त्या निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. आता आत कोण असतं?”

“कुणी नसतं,” ते म्हणाले. “म्हणून तर बाहेर बसतो.”

मी आत गेलो. खोली तशीच आहे. खिडकीशी टेबल, त्यावर तो पाठीमागे पोट सुटलेला जाड मॉनिटर, वर कापडी आच्छादन. त्याची वायर मी स्वतः पाहिली: गुंडाळून, दोरीने बांधून टेबलाच्या पायाशी ठेवलेली आहे. आच्छादनावर धूळ एकसारखी, बोटाचा ठसा कुठेच नाही. सिस्टिमवाल्या बाई त्यांच्या जागेवरून फोनवर होत्या, समोर खोलवाल्याचं टूल उघडून. तीन वाजले. तीन वाजून सात मिनिटांनी त्या म्हणाल्या, “आता झाली एक. मुलीच्या आईच्या नावात अनुस्वार दिला. शेरा तोच.” मग आवाज खाली आणून विचारलं, “तुमच्यासमोर कुणी बसलंय का?”

कुणी नव्हतं, आत्या. खोलीत काहीही झालं नाही, आणि तेच सांगायला मला अवघड जातंय. काही वाजलं नाही, हललं नाही. फक्त माझ्या लक्षात आलं की आत आल्यावर मी टेबलासमोरच्या खुर्चीत बसलोच नव्हतो. बाजूची खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो होतो, नोकरीच्या पहिल्या वर्षी तू मला काम शिकवायला बसवायचीस तसा. आणि गेली सात मिनिटं हात मांडीवर ठेवून गप्प होतो. मग काय करावं ते सुचेना, म्हणून त्या खुर्चीला नमस्कार करून बाहेर आलो. दफ्तरींनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसते बाकावर थोडे सरकले आणि मला जागा दिली.

त्या दिवशी बाईंनी तुझा क्रमांक सिस्टिममधून समूळ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तीन वाजून चार मिनिटांनी नोंद आली, त्याच क्रमांकाने. बाईंनी त्यानंतर काही काढलं नाही. संध्याकाळी निघताना माझ्या टेबलाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या प्रमाणपत्रात नाव आपोआप बरोबर होऊन आलं होतं. मला वाटलं, तुमच्या विभागाने केलं.” मी म्हटलं, आमचा विभाग आपोआप काही करत नाही. त्या म्हणाल्या, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच रात्री मी तुझ्या सुनेला फोन केला होता, आठवतंय? गुडघ्याची चौकशी करता करता सहज विचारलं की आत्या दुपारी काय करते. ती म्हणाली, जेवून आडव्या होतात, तीनच्या सुमाराला अर्धा तास गाढ झोप लागते, मात्र चष्मा घालून झोपतात. काढायला गेलं तर काढू देत नाहीत. म्हणतात, राहू दे, नाहीतर मला नीट दिसत नाही. आणि झोपेत बोटं चादरीवर चालतात. डॉक्टरांना दाखवलं, तर वयामुळे होतं म्हणाले. मी पण म्हटलं, वयामुळेच असेल.

परवा समितीची शेवटची बैठक झाली. सगळ्यांचा कल खोलवाल्याकडे होता, आणि मी पाऊण तास त्याच्याविरुद्ध बोललो. नोकरीत इतका वेळ मी कधी बोललो नव्हतो. म्हणालो, संस्थेला आकडा हवा आहे, आकड्याचं कुळ-मूळ नको. म्हणालो, दर नोंदीमागचा माणूस दिसू लागला तर कर्मचाऱ्यांच्या मनावर दडपण येईल. म्हणालो, रंगवाल्याच्या टूलमध्ये जोडाक्षरं फार सुंदर येतात. कुलसचिवांना ती गोल चित्रं आधीच आवडली होती. बाई माझ्याकडे बघत होत्या. मतदानात हात वर केला तो रंगवाल्यासाठीच, आणि निवडही त्याचीच झाली. खोलवाला जाताना मला दारात भेटला आणि हळूच म्हणाला, “साहेब, आमचं काय चुकलं?” मी म्हटलं, काहीच नाही, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

तेव्हा काळजी नसावी. तुझं नाव चर्चेत येऊ नये एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप केला. तू निर्धास्त झोप. मोठ्यांना नमस्कार लिहायला आता घरात तुझ्याहून मोठं कुणी राहिलेलं नाही, म्हणून तोही तुलाच.

तुझा,
भाचा

ता. क. तुझ्या नावासाठी खटाटोप केला असं वर लिहिलं आहे, ते पूर्ण खरं नाही. बैठकीच्या आदल्या गुरुवारी, तीन वाजून अकरा मिनिटांनी, नोकरदारांच्या सिस्टिममध्ये माझ्या स्वतःच्या नोंदीत दुरुस्ती झाली. जन्मतारीख. ती दहा महिने मागे गेली आहे. त्या हिशेबाने मी या महिनाअखेर निवृत्त होतो आणि माझ्यासाठी अजून कुणी हार आणायला सांगितलेला नाही. रंगवाल्याच्या टूलमध्ये हे कुणाला दिसणार नाही, पण पगारपत्रक काढणाऱ्याला दिसेल. जमलं तर तारीख तेवढी पुढच्या वर्षापर्यंत होती तशी कर. तुला खोटं लिहायला सांगतोय हे मला कळतंय, आणि तू कधी लिहिलं नाहीस हेही.

ता. क. २. तारखेखाली त्याच मिनिटाला आणखी एक नोंद आहे. ती मी बाईंनाही दाखवलेली नाही. आईच्या नावाच्या रकान्यात आता तुझं नाव आहे. ‘पाहिले. बरोबर केले.’ मी ते पान छापून घेतलं आणि दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. आई आणि बाबा दोघंही नाहीत, तेव्हा विचारायला तू एकटीच उरलीस. मला राग आलेला नाही. मला आईनेच वाढवलं, तिची दोन मुलं जाऊन घर रिकामं होतं हे मला माहीत आहे, आणि तिच्या बाबतीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पण ही नोंद तू झोपेत केली आहेस. एकदा जागेपणी वाच. मी रविवारी येतो. सुनेला आधी काही सांगू नकोस, आपण दोघंच बसू. तारखेचं काय करायचं ते कर. दुसरी नोंद मात्र तुला खरी वाटली, तर तशीच राहू दे.